मॅनेजमेंटमध्ये पीएचडी: विद्यापीठातून अर्धवेळ, आयआयएममध्ये पूर्णवेळ, की डीबीए?

अर्धवेळ पीएचडीला प्रवेश घेताना नोकरीच्या ठिकाणची एनओसी (ना हरकत पत्र) जोडावी लागते. त्या कागदावर काय लिहिलेलं हवं, हे यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमांतच सांगितलं आहे: उमेदवाराला अर्धवेळ संशोधनाची परवानगी आहे, काम सांभाळून त्याला संशोधनाला पुरेसा वेळ मिळेल, आणि गरज पडली तर कोर्सवर्कसाठी (सुरुवातीच्या अभ्यासक्रमाच्या वर्गांसाठी) कामातून मोकळीक दिली जाईल. पीएचडी कुठून करू, असं कोणी विचारलं की मी आधी या तीन ओळी दाखवते. सही मिळेल, पण तुमचे साहेब ते पाळतील का? मॅनेजमेंटच्या पीएचडीचे जे मार्ग आज समोर आहेत त्यांच्यात सगळ्यात जास्त फरक पडतो तो आठवड्यातले किती तास संशोधनाला मिळणार आणि ते कोणासोबत जाणार, याने. नाव आणि फी त्यानंतर.

मी नाशिकच्या एका एमबीए कॉलेजात शिकवता शिकवता विद्यापीठातून पीएचडी केली. साडेसहा वर्षं लागली. एमबीएला माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण एका आयआयएममध्ये पूर्णवेळ गेली आणि पाच वर्षांत काम संपवून बाहेर पडली. दोघींचेही विषय शेतमालाच्या व्यवसायातले. त्यामुळे हे दोन रस्ते मला शेजारी शेजारी बघायला मिळाले.

राज्य विद्यापीठ, नोकरी सांभाळून

आपल्याकडे बहुतेकांचा रस्ता हाच. पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के (राखीव प्रवर्गांना ५ टक्के सवलत), मग नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा) किंवा विद्यापीठाची पेट (प्रवेश परीक्षा), मुलाखत, संशोधन केंद्र, गाइड, सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा), कोर्सवर्क, दर सहा महिन्यांनी प्रगती अहवाल, शेवटी प्रबंध आणि व्हायवा (तोंडी परीक्षा). २०२४ पासून नेटचा निकाल तीन गटांत लागतो, त्यातला एक गट फक्त पीएचडी प्रवेशासाठी आहे. जेआरएफ (नेटमधून मिळणारी संशोधन शिष्यवृत्ती) नसलेल्यांसाठी नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के भार असतो, आणि ते गुण एकच वर्ष चालतात. म्हणजे डिसेंबरात परीक्षा दिली आणि गाइड शोधायला दीड वर्ष घालवलं, तर पुन्हा पहिल्यापासून.

गाइड शोधणं हेच या रस्त्यावरचं खरं काम. प्रोफेसरला एका वेळी आठ, असोसिएट प्रोफेसरला सहा आणि असिस्टंट प्रोफेसरला चारच विद्यार्थी घेता येतात. निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी राहिली असतील तर नवा विद्यार्थी घेताच येत नाही. विद्यापीठाच्या यादीत साठ गाइड दिसले तरी तुमच्या विषयाचे, जागा रिकामी असलेले आणि पुढची सहा वर्षं नोकरीत असणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरतात. मुलाखतीच्या आधी त्यांना जाऊन भेटा. फोनवर ‘या या, बघू’ सगळेच म्हणतात.

मुदतीचं गणित असं: कोर्सवर्क धरून किमान तीन वर्षं, कमाल सहा. पुनर्नोंदणी करून आणखी दोन वर्षं मिळू शकतात. स्त्रियांना आणि ४० टक्क्यांहून जास्त अपंगत्व असलेल्यांना त्यावर अजून दोन मिळू शकतात. प्रसूती आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजाही आहे. हे नियम नीट वाचून ठेवा, कारण ऑफिसात विचारलं तर ‘तसं काही नसतं मॅडम’ असं उत्तर मिळू शकतं. मला मिळालं होतं. नियमाची प्रत पुढे ठेवल्यावर अर्ज घेतला गेला.

माझ्या आठवड्यात सोळा तास लेक्चर, वर नॅकच्या (कॉलेजच्या मूल्यांकनाच्या) फाइली, उन्हाळ्यात अ‍ॅडमिशनची धावपळ. एनओसीवरची मोकळीक कोर्सवर्कचे दिवस सोडले तर कधीच मिळाली नाही. संशोधन व्हायचं ते रविवारी आणि रात्री दहानंतर. पण या रस्त्याने मला जे दिलं ते दुसऱ्या कुठल्या रस्त्याने मिळालं नसतं, हेही तितकंच खरं.

माझा विषय होता, शेतकरी उत्पादक कंपनीचे सभासद स्वतःची कंपनी सोडून बाहेर माल का विकतात. पहिल्याच वर्षी, हातात धड पद्धतही नसताना, मी चाळीस प्रश्नांचा फॉर्म घेऊन पिंपळगाव बसवंतच्या बाजार समितीत उभी राहिले. टोमॅटोचे क्रेट उतरत होते. एका शेतकऱ्याला चौदावा प्रश्न वाचून दाखवला, ‘कंपनीच्या निर्णयात माझं मत विचारात घेतलं जातं: पूर्ण सहमत, सहमत, तटस्थ, असहमत, पूर्ण असहमत.’ त्याने क्रेट खाली ठेवला आणि म्हणाला, ‘मत विचारतात हो ताई. पैसे कधी देणार, ते मात्र आम्हीच विचारायचं.’ पाच चौकटींपैकी एकीतही हे बसत नव्हतं. मी ते फॉर्मच्या मागच्या बाजूला लिहून घेतलं. बाजारात व्यापारी रोख देतो, कंपनीचे पैसे काही दिवसांनी खात्यात येतात, आणि मधल्या दिवसांत मजुरी आणि औषधांची उधारी थांबत नाही. माझ्या सगळ्या प्रबंधाचा कणा पुढे तोच झाला: पैसे मिळण्याची वेळ.

फक्त हे कळायला मला दोन वर्षं लागली. त्या वाक्याचं महत्त्व सांगणारं माणूस शेजारी नव्हतं. गाइडची वेळ दीड महिन्याने मिळायची, त्यात वीस मिनिटं सह्यांत जायची. इतर विद्यार्थी कोण आणि काय करताहेत, ते मला थेट व्हायवाच्या सुमारास कळलं.

आयआयएम, आयआयटी: पूर्णवेळ आणि मुक्काम तिथेच

मैत्रिणीचं वेळापत्रक उलटं होतं. पहिली दोन वर्षं नुसता अभ्यास: अर्थमिती (आर्थिक आकडेवारीचं विश्लेषण), संशोधन पद्धती, संघटनशास्त्र, आणि आठवड्याला पेपरांचा ढीग. मग सर्वसमावेशक परीक्षा. ती पास झाल्याशिवाय विषयाला हातच लावता येत नाही. दर बुधवारी सेमिनार, कोणीतरी अर्धं कच्चं काम मांडणार आणि बाकीचे त्याची चिरफाड करणार. ती पहिल्या वर्षी रडत फोन करायची. तिसऱ्या वर्षी तिचे प्रश्न ऐकून मला कळायचं की नजरेला पडलेली गोष्ट खरी आहे का, हे तिला तपासून घेता येतं आणि मला येत नाही.

पण शेतकऱ्यासमोर ती पहिल्यांदा उभी राहिली तीही तिसऱ्याच वर्षी. तिने माझ्या फॉर्मची मागची बाजू वाचली आणि म्हणाली, ‘हे पहिल्या वर्षी मिळालं असतं तर माझी दोन वर्षं वाचली असती.’ मला तिचे बुधवार हवे होते, तिला माझे रविवार.

आयआयएममधला हा कार्यक्रम जुना आहे. अहमदाबादेत तो १९७१ मध्ये सुरू झाला. तेव्हा मिळायची ती ‘फेलो’ उपाधी, कारण पदवी द्यायचा कायदेशीर अधिकार संस्थेला नव्हता. २०१७ च्या आयआयएम कायद्याने तो मिळाला आणि बहुतेक ठिकाणी या फेलो कार्यक्रमाची, म्हणजे एफपीएमची, पीएचडी झाली. महाराष्ट्रातल्यांना आता घराजवळही पर्याय आहेत: नागपूरचं आयआयएम २०१५ चं, पवईची नीटी २०२३ मध्ये आयआयएम मुंबई झाली, आणि आयआयटी मुंबईचं शैलेश मेहता स्कूल आहेच. गोव्यात साखळीजवळ गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट. प्रवेशाला कॅट, जीमॅट, जीआरई किंवा नेट-जेआरएफ यांपैकी काय चालतं ते संस्थेगणिक बदलतं, पण मुलाखतीत सगळीकडे एकच बघतात: या माणसाला एखादी गोष्ट ‘का’ होते याची भूक आहे का.

पैशांचा हिशोब घरी बसून मांडा. आयआयएममध्ये सहसा ट्यूशन फी माफ असते, वर दरमहा विद्यावेतन आणि परिषदांसाठी वेगळी तरतूद. अंदाजासाठी सांगते, यूजीसीची जेआरएफ जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये आहे, घरभाडं वेगळं. पंचविशीतल्या, अंगावर कर्ज नसलेल्या माणसाला एवढ्यात भागवता येतं. पस्तिशीत, घराचा हप्ता आणि शाळेची फी चालू असताना, ही चार-पाच वर्षांची पगारकपात असते आणि ती सगळं घर सोसतं. जोडीदाराशी, आईवडिलांशी आकडे पुढे ठेवून बोलल्याशिवाय पाऊल उचलू नका.

जेआरएफ घेऊन राज्य विद्यापीठातही पूर्णवेळ संशोधन करता येतं, हे फार जण विसरतात. शिवाय बार्टी, सारथी आणि महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या (संशोधनासाठीच्या शिष्यवृत्त्या) आहेत, त्या त्या समाजघटकांसाठी. या पैशांवर अनेक घरांतली पहिली पीएचडी उभी राहिली आहे, म्हणून मला त्यांचं मोल फार वाटतं. मात्र रक्कम दर महिन्याला वेळेवर येईलच असं धरू नका. त्यासाठी विद्यार्थ्यांना आंदोलनं करावी लागली आहेत. चार-सहा महिन्यांची गंगाजळी हाताशी ठेवा.

डीबीए आणि एक्झिक्युटिव्ह कार्यक्रम

डीबीए म्हणजे डॉक्टर ऑफ बिझनेस अ‍ॅडमिनिस्ट्रेशन. हा नोकरीत पंधरा-वीस वर्षं घालवलेल्यांसाठीचा पर्याय. महिन्यातून एखादा शनिवार-रविवार वर्ग, विषय स्वतःच्या धंद्यातला, फी काही लाखांत, विद्यावेतन नाही. तुमच्याकडे कंपनीचा दहा वर्षांचा डेटा असेल आणि एखादा प्रश्न छळत असेल, गोदामातला माल दरवर्षी ऑगस्टमध्येच का अडकतो असा, तर एक्झिक्युटिव्ह कार्यक्रम छान काम देतो. संख्याशास्त्र मात्र स्वतः शिकावं लागेल, ते कोणाकडून करून घेऊ नका. डीबीएवर पुढे प्राध्यापकी करायचा विचार असेल, तर ज्या जागांसाठी अर्ज करणार त्यांच्या दोन-तीन जाहिराती आधी काढून पात्रतेची ओळ वाचा.

इथे एक गोष्ट ठासून सांगते. परदेशी विद्यापीठाच्या नावाने ‘ऑनलाइन पीएचडी’ विकणाऱ्या जाहिराती मोबाइलवर सतत येतात. ऑनलाइन आणि दूरस्थ पद्धतीच्या पीएचडीला आपल्याकडे मान्यता नाही. यूजीसी आणि एआयसीटीईने (तंत्र आणि व्यवस्थापन शिक्षणावर देखरेख करणाऱ्या परिषदेने) ऑक्टोबर २०२२ मध्ये एकत्र इशारा दिला होता. जानेवारी २०२५ मध्ये राजस्थानातल्या तीन विद्यापीठांना, पीएचडीचे नियम धाब्यावर बसवल्याबद्दल, पाच वर्षं पीएचडीला नवे प्रवेश देण्यास मनाई झाली. तिथे पैसे भरलेल्यांत आपल्यासारखेच नोकरदार असतील. ‘अठरा महिन्यांत डॉक्टरेट’ असं कोणी म्हणालं तर फोन ठेवा, नियमानं तीन वर्षांच्या आत पीएचडी होतच नाही.

परदेशाबद्दल थोडक्यात. अमेरिकेत साधारण पाच वर्षं, चांगल्या बिझनेस स्कूलमध्ये फी माफ आणि वर विद्यावेतन, पण जागा एकेका विभागात मोजक्या. नेदरलँड्स, स्वीडन, डेन्मार्कमध्ये पीएचडी करणारा बऱ्याचदा विद्यापीठाचा पगारी नोकर असतो. वय आणि घरची परिस्थिती परवानगी देत असेल आणि संशोधन हाच पेशा करायचा असेल, तर जरूर अर्ज करा. स्वतःच्या खिशातून लाखो घालून मात्र जाऊ नका.

मग कोणी काय घ्यावं

कॉलेजात शिकवता आहात आणि असोसिएट प्रोफेसर व्हायचं आहे, तर पीएचडी लागतेच आणि राज्य विद्यापीठाची पूर्ण चालते. आयआयएमसारख्या ठिकाणी शिकवायचं असेल तर पूर्णवेळच करा. तिथे निवड समिती एबीडीसीच्या (ऑस्ट्रेलियातल्या बिझनेस स्कूलांच्या डीनांच्या परिषदेच्या) यादीतल्या ए आणि ए-स्टार जर्नलांतले पेपर बघते, आणि तसा पेपर रात्री दहानंतरच्या वेळात लिहून होणं फार अवघड. कंपनीत बढतीसाठी पीएचडीचा विचार असेल, तर माझा सल्ला थांबण्याचा आहे. त्याच पाच वर्षांत दुसरं बरंच काही शिकून होईल.

पेपरांवरून आठवलं. प्रबंध सादर करण्याआधी पेपर छापलाच पाहिजे, ही सक्ती २०२२ च्या नियमांतून गेली. तुमच्या विद्यापीठाने स्वतःची अट ठेवली आहे का, ते विचारून घ्या. पैसे घेऊन आठवड्यात छापणारी जर्नलं व्हॉट्सअ‍ॅपवर गळाला लावायला बसलेली आहेत. २०१९ पासूनची यूजीसी-केअर ही मान्य जर्नलांची यादीही २०२५ मध्ये बंद झाली, त्यामुळे जर्नल बरं की वाईट हे आता तुम्हाला आणि गाइडलाच ठरवायचं आहे.

मी आज पुन्हा सुरुवात केली, तर? नाशिक सोडणं तेव्हाही शक्य नव्हतं, त्यामुळे विद्यापीठच. पण दोन गोष्टी वेगळ्या करेन. एक, त्याच शहरातल्या चार-पाच संशोधकांना गाठून दर पंधरवड्याला एकमेकांचं कच्चं काम वाचायचं, गाइड कोणाचाही असो. दुसरी, सही करण्याआधी गाइडला तपासून घेईन. शोधगंगा, म्हणजे भारतातल्या प्रबंधांचं ऑनलाइन भांडार, सगळ्यांना खुली आहे. तिथे गाइडचं नाव टाका, त्यांच्या शेवटच्या दोन विद्यार्थ्यांचे प्रबंध उघडा आणि थेट तिसऱ्या प्रकरणावर जा, संशोधन पद्धतीच्या. नमुना कसा निवडला याचं कारण दिलं आहे, की ‘सोयीनुसार निवडला’ एवढंच लिहून पुढे गेले आहेत? दोन्ही प्रबंधांत तेच परिच्छेद, नुसतं शहर बदललेलं, असं दिसतं का? मग त्यांच्याकडे सध्या चौथ्या वर्षात असलेल्या एखाद्या विद्यार्थ्याला चहाला न्या आणि विचारा, ‘सरांनी शेवटचं लिहिलेलं कधी वाचून परत दिलं?’ तारीख सांगता आली, तर फॉर्म भरा.