रिसॉर्टचा स्पा की बाळंतिणीची खोली?

मालिशचा कोर्स झाला, हात बसला, पुढे काय? गोव्यात याची दोनच सरळ उत्तरं आहेत. एक तर कळंगुट-कांदोळी किंवा तिकडे कोलवा-केळशीच्या पट्ट्यात एखाद्या हॉटेलच्या स्पात नोकरी. नाहीतर म्हापसा, डिचोली, फोंडा, मडगावच्या घराघरांत जाऊन गरोदर बायकांचं आणि बाळंतिणींचं काम. पंचकर्म ही तिसरी वाट आहे, पण तिथे काय करायचं ते वैद्य ठरवतात, तुम्ही हात चालवायचे. शिकायला उत्तम जागा, एवढं म्हणून ती बाजूला ठेवते. उरलेली दोन्ही कामं केलेली आहेत, त्यामुळे तोलताना एका पारड्यावर माझा हात थोडा जड पडेल, ते धरून चला.

पैशाचं आधी उरकून टाकू. स्पात ठरलेला पगार, जेवण, बऱ्याच ठिकाणी राहायची सोय, वर टिप. खाच आहे ती पावसाळ्यात. जूनमध्ये पाऊस लागला की खोल्या रिकाम्या, आणि मग ‘महिनाभर घरी जाऊन या’ असं गोड आवाजात सांगतात. म्हणून मुलाखतीत पगाराच्या आकड्याआधी हे विचारा: जून ते सप्टेंबर पगार पूर्ण, अर्धा, की बिनपगारी रजा? आणि उत्तर नेमणूकपत्रात लिहून घ्या. बाळंतपणं सीझन बघून होत नाहीत, हा घरच्या कामाचा मोठा आधार. पण तिथे तासाचा हिशेब फसवा असतो. आईची मालिश पाऊण तास, बाळाची पंधरा मिनिटं, आंघोळ आणि शेक अर्धा तास, जाण्या-येण्याचा पाऊण तास. ‘तासाभराचं काम’ सव्वादोन तासांचं झालं. सकाळी सात ते दुपारी एक या वेळात अशी दोन घरं नीट होतात. तिसरं घेतलं की कुठेतरी घाई होतेच. दर सव्वादोन तासांचा लावा, रोजचा न सांगता एकवीस किंवा चाळीस दिवसांचा सांगा, आणि निम्मे पहिल्या दिवशी घ्या. नाहीतर पंधराव्या दिवशी ‘आता बरं वाटतं तिला’ असं ऐकून परत यावं लागतं.

स्पा सोडणाऱ्या मुली सहसा दोन कारणं सांगतात: गिऱ्हाइकांच्या नजरा आणि रात्री उशिरा सुटणं. दोन्ही खरी आहेत, त्यांच्याकडे येतेच. माझा निर्णय मात्र झाला तो दोन अपॉइंटमेंटमधल्या पंधरा मिनिटांवरून.

समजा अकराची मालिश बाराला संपली, पुढची सव्वाबाराची आहे. पाहुणीला हळू उठवायचं, कारण तासभर आडवं राहून झटकन उठलं की चक्कर येते. तिचे कपडे होईपर्यंत पाच-सहा मिनिटं गेली. मग दोन चादरी, तीन टॉवेल काढायचे. टेबलाच्या रेक्झिनवरचं तेल साबणाच्या फडक्याने पुसायचं, तोंड ठेवायच्या कड्याचं कापड बदलायचं, फरशीवरचा थेंब न थेंब शोधायचा, कारण पुढच्या बाईचा अनवाणी पाय नेमका तिथेच पडणार. तेलाची वाटी भरून गरम पाण्यात ठेवायची, आपले हात कोपरापर्यंत धुवायचे. सव्वाबारा वाजले. बाई दारात उभी, आणि तिने रिसेप्शनवर भरलेला फॉर्म तुमच्या हातात पडतो तो तिला आत घेता घेता. गरोदर आहात का, ऑपरेशन झालंय का, रक्त पातळ व्हायच्या गोळ्या चालू आहेत का, सगळं त्यात असतं आणि सगळीकडे ‘नाही’वर खूण असते. सुट्टीवर आलेलं माणूस फॉर्म वाचत नाही. नीट विचारायचं तर पाच मिनिटं हवीत, ती तिच्या साठ मिनिटांतून जाणार, आणि ‘मला पंचावन्नच मिनिटं मिळाली’ ही तक्रार तुमच्या नावावर लागणार.

मान आखडलेल्या पर्यटकाचं यात फारसं बिघडत नाही. बायकांच्या आरोग्याचं काम करायचं असेल तर मात्र विचारणं आणि बघणं हेच अर्धं काम आहे. बाळंतपणानंतरचे सहा आठवडे पायाच्या खोल शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढलेला असतो, सिझेरियन असेल तर जास्तच. एकच पोटरी सुजलेली, गरम, दुखरी असेल तर त्या पायाला बोटही लावायचं नाही. गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं. त्याच दिवशी डॉक्टर, उद्यावर टाकायचं नाही. डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे चमकतंय, असं बाळंतीण म्हणाली तर तेलाची वाटी खाली ठेवा आणि रक्तदाब मोजायला पाठवा; तो प्रसूतीनंतरही चढतो. तासाभरात पॅड भिजत असेल, ताप असेल, अंगावरून जाणाऱ्याला घाण वास असेल, तर मालिश बंद. यातलं काहीही फॉर्मवर कुणी लिहीत नाही. रोज घरी गेलात तर काल नसलेली सूज आज दिसते. स्पातली बाई परवाच्या विमानाने परत गेलेली असते. गुण आला की नाही, तेसुद्धा कळत नाही.

गोव्यात हे आणखी एका कारणाने महत्त्वाचं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, इथल्या जवळपास चाळीस टक्के प्रसूती सिझेरियनच्या निघाल्या. जुन्या वैजिणीची, म्हणजे सुईणीची, पोट रगडायची पद्धत तिथे चालत नाही. साधी प्रसूती असेल तर डॉक्टरना विचारून चौथ्या-पाचव्या दिवसापासून पाय, पाठ, खांदे, डोकं, हलक्या हाताने. सिझेरियन असेल तर जखम कोरडी झाल्यावर फक्त हातपाय, खांदे आणि डोकं. पोटाला सहा आठवडे हात नाही, आणि त्यानंतरही डॉक्टरनी हो म्हटल्यावरच. तेव्हा व्रणावर दोन बोटं ठेवून कातडी खालच्या थरावर हळू सरकवायची, घासायची नाही. पालथं झोपवू नका. कुशीवर, दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी, पोटाखाली दुमडलेला टॉवेल. मालिशच्या अर्धा तास आधी बाळाला पाजून घ्यायला सांगा, नाहीतर भरलेल्या छातीने तिला कुशीवरसुद्धा धड राहता येत नाही. आणि छातीत गाठी झाल्या म्हणून जोर लावून चोळायची जी रीत आहे ती सोडाच. आतली सूज वाढते. हलका हात, थंड पट्टी, आणि बाळाला नेहमीसारखं पाजणं.

आता तेल. स्पाच्या खोलीत एसी बावीसवर असतो आणि खोबरेल चोवीस-पंचवीसच्या खाली गोठायला लागतं, म्हणून तिथे न गोठणारी तयार तेलं असतात. पाहुण्याला गारवा छान वाटतो, बाळंतीण मात्र कुडकुडते. घरी पंखा बंद, दार लोटलेलं, स्टीलच्या वाटीत साठ-सत्तर मिली खोबरेल किंवा तिळाचं तेल, वाटी गरम पाण्याच्या भांड्यात. गॅसवर थेट ठेवायची नाही, कडेचं तेल मधल्यापेक्षा लवकर तापतं आणि मनगटावर बघितलेला थेंब खोटं सांगतो. डिसेंबरातल्या सकाळी बाटलीच पांढरी झालेली असते, त्यासाठी दहा मिनिटं आधी पोचा. कपड्यांचं दुखणं दोन्हीकडे आहे. पावसात तेलकट टॉवेल वाळत नाहीत आणि खवट वास धरतात. सोडा घालून कढत पाण्यात धुतले तरच तो जातो. स्पाच्या लाँड्रीत एक गोष्ट आवर्जून बघा: तेल पुरतं न गेलेले टॉवेल ड्रायरमधून काढून गरम असतानाच घडी घालून रचले, तर आत उष्णता कोंडून ते आपोआप पेटू शकतात. गार होईपर्यंत पसरून ठेवायला हवेत.

शरीराच्या झिजेत स्पाचं टेबल नि:संशय सरस. सरळ उभं राहून मूठ खाली सोडली की बोटांची पेरं टेबलाला टेकावीत, एवढी उंची लावली की जोर अंगाच्या वजनाने पडतो. पण सीझनमध्ये दिवसाला सहा-सहा मालिश अंगावर येतात आणि अंगठ्याचा मुळाकडचा सांधा आधी बोलायला लागतो. घरच्या कामात दिवसाला दोन-तीनच, पण खाट गुडघ्याएवढी, म्हणजे कंबर जाते. घडीचं टेबल दहा-पंधरा किलोचं, ते स्कूटरवर नेणं जमण्यासारखं नाही. बाळंतिणीला खाटेच्या कडेला घ्या, आपण ठेंगण्या स्टुलावर बसा, अंगठ्याऐवजी कोपराखालचा हात वापरा. निम्मा त्रास वाचतो.

घरच्या कामातली कटकट लपवत नाही. सोयर म्हणून काही घरी बाराव्या दिवसापर्यंत बाहेरच्या बाईला आत घेत नाहीत, आणि लक्ष ठेवायला हवं ते नेमकं त्याच दिवसांत. कळलं की आधीच जाऊन नुसतं बघून या, हात लावू नका. गणेशचवथीच्या आठवड्यात बाहेरचं कुणीच नको म्हणतात. आणि सासूबाई, आजी, मावशी यांचं मत तर रोजचंच.

‘आमच्या वेळची वैजीण पोट असं दाबायची की दहा दिवसांत पोट आत.’

‘होय आजी, पण तेव्हा टाके खाली होते. आता ते पोटावर आहेत.’

असं शांतपणे सांगता आलं पाहिजे, दररोज, न चिडता. बाळाच्या कानात-नाकात तेल घालायचं नाही, हेही तसंच. आणि बंद फ्लॅटमध्ये खाटेखाली कोळशाची शेगडी ठेवू द्यायची नाही. कोळशातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो आणि आई-बाळ दोघं झोपेतच गुदमरतात. शेक हवाच असेल तर गरम पाण्याची पिशवी, टॉवेलात गुंडाळून.

सुरक्षिततेत उलटसुलट आहे. स्पात सोबतीला माणसं, कॅमेरा असलेला पॅसेज. पण भलतीच अपेक्षा धरून येणारं गिऱ्हाईकही तिथेच येतं. त्याला मध्येच उठवून बाहेर काढायचा अधिकार तुम्हाला आहे की मॅनेजरला, हे रुजू होण्याआधी विचारा. उत्तर द्यायला वेळ लागला तर समजून जा. २०१३ च्या कायद्याने दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती सक्तीची आहे. तिच्या सदस्यांची नावं भिंतीवर हवीत. त्याहून लहान जागेसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. घरी जाताना पहिली भेट दिवसाउजेडी, घरात दुसरी बाई असतानाच. आणि परतीचं वाहन: स्पातली शेवटची मालिश रात्री नऊला संपली तर साखळी-वाळपईकडची बस मिळेल या भरवशावर राहू नका. स्टाफच्या खोलीत राहायला घरचे तयार नसतील तर स्पाचा विचार तिथेच संपतो.

प्रमाणपत्र स्पाला हवं असतं, ते असलेलं बरं. घरी कुणी विचारत नाही. तिथे विचारतात, ‘आधी कुणाच्या बाळंतपणाला होतीस?’ पहिली दोन-तीन घरं मिळेपर्यंत सहा महिने कोरडे जाऊ शकतात. गावातल्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे, तिथल्या नर्सकडे नाव देऊन ठेवा; त्यांच्या एका शब्दाने जे होतं ते छापील कार्डाने होत नाही.

घराचा हप्ता दर महिन्याला तुमच्या पगारावर असेल तर स्पाच घ्या, त्यात कमीपणा नाही. चादर कशी पांघरावी, स्वच्छता, वेळ, हे तिथल्यासारखं कुठेच शिकायला मिळत नाही. पण बायकांच्या आरोग्याची ओढ म्हणून या कामात आला असाल तर, माझ्या मते, ऑक्टोबर ते मार्च असा एकच सीझन तिथे पुरे. ती शिस्त उचला आणि घरांकडे वळा.

पहिल्या घरी गेलात की बाळ कितीही गोड असलं तरी आधी आईला खाटेवर पाय लांब करून बसवा, गाऊन गुडघ्यापर्यंत वर घ्या, आणि तेलाची बाटली उघडण्याआधी दोन्ही पोटऱ्या शेजारी शेजारी बघा.