इन्सुलिनचा डोस सुचवणारं सॉफ्टवेअर आणि ती 'कारण निवडा' खिडकी

परवा या सॉफ्टवेअरच्या कंपनीचा रिपोर्ट आला: तुमच्या आयसीयूत ओव्हरराइड (सॉफ्टवेअरची सूचना डावलणं) फार होतात, स्टाफला पुन्हा ट्रेनिंग द्या. म्हणून हे लिहायला बसलो.

आकडा खरा असेलही. पण सूचना का डावलली हे नोंदवायची जागा एकच, ती 'कारण निवडा' खिडकी. तिच्यात पर्याय काय? 'डॉक्टरांचा निर्णय', 'रुग्णाची स्थिती', 'इतर'. संपलं! पेशंटला सीटीला न्यायचं म्हणून राइल्स ट्यूबचं (नाकातून पोटात जाणाऱ्या नळीचं) फीड थांबवलंय. शुगर २४०, म्हणून सॉफ्टवेअर म्हणतं इन्सुलिनचा रेट वाढवा. फीड बंद आहे, शुगर तशीही उतरेल, हे त्याला माहीत नाही आणि सांगायची सोयही नाही. सिस्टर रेट वाढवत नाहीत, 'इतर' दाबतात. वागणं शंभर टक्के बरोबर, रिपोर्टात मात्र त्यांच्या नावापुढे लाल खूण.

सॅम्पलचंही तेच. डेक्स्ट्रोज (ग्लुकोजचं सलाइन) चालू असलेल्या लाइनमधून रक्त घेतलं की शुगर भलतीच वर दिसते. नॉरअ‍ॅड्रेनालिनवर (रक्तदाब टिकवायचं औषध) बोटं गार पडलेल्या पेशंटची ग्लुकोमीटरवरची शुगरही बेभरवशाची. आम्ही एबीजी (धमनीतल्या रक्ताची तपासणी) लावून खात्री करतो. सॉफ्टवेअरला सगळे आकडे सारखेच.

तिसरा प्रकार निव्वळ भीतीचा. २००९ च्या नाइस-शुगर ट्रायलमध्ये ८१ ते १०८ टार्गेटच्या गटात तीव्र हायपोग्लायसेमिया (शुगर फार खाली जाणं) ६.८ टक्के, १८० पर्यंत चालेल म्हटलेल्या गटात ०.५, मृत्यूही पहिल्या गटात जास्त. ते डोक्यात बसलंय. म्हणून टार्गेट १४० ते १८० असतानाही, शुगर २१० ला 'राहू दे, तासाभराने बघू' म्हणणारे बरेच.

सुरुवातीला मला हे शहाणपण वाटायचं. ट्रेंड बघायला लागल्यावर मत बदललं. शुगर झपाट्याने उतरू लागली की हे सॉफ्टवेअर ती टार्गेटमध्ये असतानाच रेट कमी करतं; आमचा जुना कागदी चार्ट ती खाली जाईपर्यंत गप्प असायचा. रात्री तीनला, एका सिस्टरकडे दोन पेशंट असताना, याची किंमत कळते. तेव्हा हिशेबाबद्दल तक्रार नाही. उलट, कागदावर परत जायला मी तयार नाही.

खिडकीत फक्त 'फीड बंद' आणि 'सॅम्पल संशयास्पद' एवढं घाला, असं सपोर्टला कळवलं. उत्तर आलं, पुढच्या अपडेटमध्ये बघू. अपडेट आलं. खिडकीचा रंग बदललाय आणि 'इतर' निवडलं तर आता किमान वीस अक्षरं टाइप करावी लागतात. सिस्टर वीस टिंबं देतात.