ट्विटर सोडावं का? आणि सोडलं तर थ्रेड्स, ब्लूस्काय की मॅस्टोडॉन?

ट्विटर (एक्स म्हणायची जिभेला अजून सवय नाही) सोडायचं की नाही, हे तुम्ही तिथे कशासाठी जाता यावर ठरतं. रेल्वेकडे तक्रार करायला, मुंबई पोलिसांना टॅग करायला किंवा लोकल कुठे रखडली ते बघायला जात असाल, तर सोडू नका. दखल घ्यायची सवय या कार्यालयांना तिथेच लागली आहे. लिहायला, वाचायला, वाद घालायला जात असाल, तर मात्र थ्रेड्स, ब्लूस्काय, मॅस्टोडॉन हे ट्विटरसारखेच पर्याय बघण्यासारखे आहेत.

भारतात याआधीही लोक गाशा गुंडाळून निघाले होते. नोव्हेंबर २०१९ मध्ये ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद झालं, तेव्हा निषेध म्हणून मॅस्टोडॉनवर लोंढा गेला. त्यातले बरेच जण परतले. २०२१ मध्ये केंद्रीय मंत्र्यांसकट अनेकांनी ट्विटरसारख्याच ‘कू’ या देशी अ‍ॅपवर खाती उघडली. तिथे मराठीची सोय होती, कंपनी बंगळुरूची होती, आणि जुलै २०२४ मध्ये तिने बंद होत असल्याचं जाहीर केलं. जमवलेले फॉलोअर तिथेच राहिले. म्हणून माझा पहिला निकष हा: उद्या दुकान बंद झालं तर आपल्या हातात काय उरतं?

या निकषावर थ्रेड्स मागे पडतं. जुलै २०२३ मध्ये आलं तेव्हा पाच दिवसांत १० कोटी खाती झाली, कारण इन्स्टाग्रामच्याच खात्याने आत शिरता येतं. ओळखीची माणसं लगेच सापडतात, ५०० अक्षरं मिळतात. पण मस्कच्या घरातून निघून झुकेरबर्गच्या घरात भाडेकरू व्हायचं, एवढाच फरक.

मॅस्टोडॉन सगळ्यात मोकळं. जर्मनीत २०१६ मध्ये सुरू झालं, जाहिराती नाहीत, एकच मालक नाही: वेगवेगळे लोक आपापले सर्व्हर चालवतात आणि त्यांतल्या एकावर आपलं खातं असतं. सर्व्हर बदलला तर फॉलोअर सोबत येतात, जुन्या पोस्ट मात्र येत नाहीत. अडचण अशी की आधी सर्व्हर निवडायचा असतो, आणि निम्मे लोक तिथेच कंटाळतात.

ब्लूस्काय वापरायला जवळजवळ जुन्या ट्विटरसारखं आहे. २०१९ मध्ये ट्विटरच्याच आत हा प्रकल्प सुरू झाला आणि फेब्रुवारी २०२४ पासून आमंत्रणाशिवाय खातं उघडता येतं. स्वतःचं डोमेन (वेबसाइटचा पत्ता) असेल तर तेच हँडल, म्हणजे खात्याचं नाव, म्हणून वापरता येतं. मराठीत लिहिणाऱ्यांना आणखी एक फायदा आहे, ज्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. एक्सवर काना, मात्रा, वेलांटी वेगळी मोजली जाते: ‘पाणीपुरी’ची आठ अक्षरं होतात. ब्लूस्कायवर चारच. म्हणजे एक्सची २८० आणि ब्लूस्कायची ३०० ही मर्यादा दिसायला सारखी असली, तरी मराठी वाक्याला ब्लूस्कायवर बरीच जास्त जागा मिळते.

तरीही एकट्याने जाऊन उपयोग नाही. मराठी गर्दी तिन्हीकडे ट्विटरपेक्षा विरळ आहे आणि प्रतिसाद न मिळालेला माणूस महिन्याभरात परत फिरतो. ज्यांच्याशी रोज बोलणं होतं असे आठ-दहा जण सोबत येणार असतील तर मी ब्लूस्काय निवडेन. तांत्रिक खटपटीची आवड असेल तर मॅस्टोडॉन. कुणीच येणार नसेल तर आहात तिथेच थांबा.

गेलात तरी आधी एक्सच्या सेटिंगमधून आपल्या डेटाचं अर्काइव्ह, म्हणजे जुन्या पोस्टची प्रत, मागवून ठेवा. ते लगेच तयार होत नाही. आणि जुनं खातं डीअ‍ॅक्टिव्हेट करू नका: तसं केल्यावर ३० दिवसांत लॉगिन केलं नाही तर ते कायमचं जातं. त्यापेक्षा नवा पत्ता प्रोफाइलवर लिहा आणि रेल्वेच्या तक्रारींसाठी खातं राहू द्या.