सहा फूट तीन उंची आणि टीटी बाईक: एक्सएल फ्रेमचा काही महिन्यांनंतरचा अनुभव

माझी उंची ६ फूट ३, सेमीमध्ये १९० च्या किंचित वर. मागच्या पावसाळ्याच्या आधी टीटी बाईक (टाइम ट्रायलची, म्हणजे एकट्याने घड्याळाविरुद्ध पळवायची सायकल) घेतली, सगळा पावसाळा घरात ट्रेनरवर (सायकल जागेवरच चालवायचा स्टँड) चालवली, ऑक्टोबरपासून रस्त्यावर आहे. सायकलिंगच्या ग्रुपवर दर थोड्या दिवसांनी कोणीतरी विचारतं की "उंच आहे, एल घेऊ की एक्सएल", म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो. मॉडेलचं नाव मुद्दाम देत नाहीये कारण नाव दिलं की चर्चा ब्रँडवर जाते आणि साईज बाजूलाच राहते.

पहिली गोष्ट, वेबसाईटवर उंचीचा जो चार्ट असतो ना, १८५ ते १९२ ला एल आणि त्यावर एक्सएल वगैरे, तो रोड बाईकला एक वेळ चालतो पण टीटीला त्याच्या भरवशावर एवढे पैसे घालू नका. कारण टीटीवर तुम्ही हँडल धरून बसत नाही, कोपरं पॅडवर टेकवून बसता. म्हणजे महत्त्वाचं काय, तर बीबीपासून (बॉटम ब्रॅकेट, पेडलचे दांडे ज्याभोवती फिरतात तो मधला भाग) पॅड किती उंच आणि किती पुढे. फ्रेमचा स्टॅक (बीबीपासून फ्रेमच्या पुढच्या वरच्या टोकाची उंची) आणि रीच (तेच अंतर आडवं मोजलेलं) हे त्या पॅडपर्यंत पोचायचं नुसतं साधन आहे. आणि पॅड कुठे पाहिजेत हे उंचीवर कमी आणि पाय किती लांब, धड किती लांब यावर जास्त ठरतं.

आकड्यांत सांगतो म्हणजे कळेल. माझं इनसीम (जमिनीपासून जांघेपर्यंतचं माप) ९१ सेमी, भिंतीला टेकून, दोन पायांमध्ये जाड पुस्तक घट्ट धरून मोजलेलं. सायकलपटू ग्रेग लेमाँडच्या नावाचा जुना फॉर्म्युला, इनसीम गुणिले ०.८८३, त्याने सॅडलची (सीटची) बीबीपासूनची उंची येते साधारण ८०.४. क्रँक (पेडलचा दांडा) मी १६५ मिमीची लावायची ठरवली होती (त्यावर नंतर येतो), त्यामुळे सॅडल अजून थोडी वर, ८१ धरा. टीटीवर सॅडल पुढे सरकवलेली असते, बीबीपासून सॅडलपर्यंतची रेघ साधारण ७९ डिग्रीत, रोड बाईकच्या ७३ वगैरेपेक्षा बरीच उभी, म्हणून सरळ उभ्या रेषेत मोजलं तर सॅडल बीबीच्या साडेएकोणऐंशी सेमी वर आली. आता सॅडलपासून पॅड किती खाली पाहिजेत? मला १२ सेमी झेपतं. त्याहून खाली गेलो की मान वर करून रस्ता बघताना जीव जातो आणि मांडी पोटाला लागायला लागते. म्हणजे पॅड पाहिजेत बीबीपासून साडेसदुसष्ट सेमीवर. बास, हा आकडा हातात आला की अर्धी लढाई संपली.

मला जी फ्रेम घ्यायची होती तिच्या एक्सएलचा स्टॅक ५८.५ आणि एलचा ५५.५. त्यावर बेसबार (ब्रेक असलेलं मूळ हँडल), ब्रॅकेट, पॅड मिळून कमीत कमी ६ सेमी होतातच. एक्सएलमध्ये ६४.५ पासून सुरुवात, मला वर ३ सेमीचे स्पेसर (पॅड उंच करायला खाली घालायचे ठोकळे). एलमध्ये ६१.५ पासून, म्हणजे ६ सेमीचे स्पेसर, थेट दहीहंडीचे थर. चालतं का तसं? बऱ्याच सिस्टीममध्ये तेवढी उंची मिळते, पण आपण रेंजच्या अगदी टोकाला जाऊन बसतो, उद्या अजून १ सेमी वर जावंसं वाटलं तर जागाच नाही, आणि उठून जोर लावला की पुढचा भाग हलतो तो वेगळाच. दुकानात मला एल गळ्यात मारायचा बराच प्रयत्न झाला, "सर एल लो पडते, जास्त एअरो" (म्हणजे हवा कमी अडते), पण स्टॉकमध्ये एलच होती हे त्यांच्या मागच्या भिंतीकडे बघून कळतच होतं. लो बसणं म्हणजे आपोआप फास्ट असं काही नसतं राव, जी पोझिशन तासभर धरता येत नाही ती एअरो कसली.

आता गंमत बघा. आमच्याच ग्रुपमध्ये एक भाऊ आहे, उंची माझ्याएवढीच, पण पाय आखूड आणि धड लांब, इनसीम ८६. त्याची सॅडल सरळ मोजली तर ७५ च्या आसपास, तोच १२ चा ड्रॉप धरला तर पॅड ६३ वर पाहिजेत. एक्सएल सगळे स्पेसर काढूनही ६४.५ च्या खाली येतच नाही! म्हणजे त्याला एलच पाहिजे, एक्सएल घेतली असती तर जन्मभर उंच बसला असता. त्याने एल घेतली, पॅड पुढे ढकलले, एक्स्टेन्शन (पॅडच्या पुढे हातात धरायच्या दांड्या) लांब लावली, मजेत आहे. उंची सेम, साईज वेगळी, आणि दोघांचंही बरोबर. चार्टवाल्यांनी हे कुठे बसवायचं?

रीचबद्दल लोक फार टेन्शन घेतात. या दोन साईजमध्ये रीचचा फरक दीड सेमी, पॅड पुढे-मागे त्याहून जास्त सरकतात. स्टॅक चुकला तर मात्र सरकवायला काही नसतं. म्हणून उंच आणि लांब पायांच्या माणसाने आधी स्टॅक बघावा, रीच नंतर.

हे आकडे आले कुठून? ट्रेनरवर जुनी रोड बाईक लावली, सीटपोस्ट सरळवाली टाकली, सॅडल जमेल तेवढी पुढे, स्टेम (हँडल धरणारा आडवा तुकडा) उलटा, वर हँडलवर बसवायचे साधे क्लिप-ऑन एअरोबार. मोबाईल बीबीच्या उंचीवर बाजूला ठेवून व्हिडिओ काढायचा, थोडं बदलायचं, परत काढायचा. दंड आणि पुढचा हात यात साधारण काटकोन किंवा थोडा जास्त, खांदे सैल, आणि पाय वर येतो तेव्हा मांडी-पोटात हवा खेळली पाहिजे. जमलं की ओळंबा आणि स्पिरीट लेव्हल घेऊन मापं काढली. ओळंबा शेजारच्या बिल्डिंगमध्ये काम करणाऱ्या गवंड्याकडून आणला होता, त्याला वाटलं मी भिंत बांधतोय. त्यानंतर फिटरकडे (सायकल अंगमापाने बसवून देणारा) गेलो, त्याने मिलीमीटरमध्ये बारीकसारीक बदल केले पण मूळ आकडे तेच राहिले. पैसे असतील तर बाईक घेण्याआधी फिटिंग करा. बाईक घेऊन मग फिटरकडे गेलात तर तो बिचारा काय करणार, आहे त्यातच बसवणार.

क्रँकचं सांगतो. एक्सएलवर कंपनीतून लांबच क्रँक येते, उंच माणूस म्हणजे १७५ हे डोक्यात बसलेलं असतं सगळ्यांच्या. मी १६५ लावली. पाय वर येतो तेव्हा गुडघा आधीपेक्षा कमी वर येतो, सॅडलही सेमीभर वर गेलेली असते, त्यामुळे कंबरेचा कोन उघडतो, आणि टीटीवर सगळा त्रास तिथेच असतो. टूर द फ्रान्स जिंकणारा पोगाचार १६५ वापरतो हे आता सगळ्यांना माहीत आहे, पण तो १७६ सेमीचा, मला जरा शंका होती. पहिले काही दिवस पाय फारच भरभर फिरल्यासारखे वाटले, मग विसरून गेलो. फक्त लक्षात ठेवा, क्रँक छोटी केली की सॅडल वर जाते, आणि तोच ड्रॉप ठेवायचा तर पॅडही वर, म्हणजे स्टॅक अजून जास्त लागतो. हा हिशोब फ्रेम घेण्याआधी करायचा.

रस्त्यावरचा अनुभव. मुंबईत टीटी बाईक चालवायची कुठे हा खरा प्रश्न. सी लिंकवर सायकल नाही, कोस्टल रोडवर नाही, फ्रीवेवर नाही, अटल सेतूचं तर नावच काढू नका. मी मुलुंडहून ऐरोली पूल ओलांडून नवी मुंबईतला पाम बीच रोड गाठतो, रविवारी पहाटे, साधारण १० किमीचा सरळ पट्टा, तिथेच वर-खाली फेऱ्या. खाडीवरून वारा येतो आणि तो कधीच सरळ समोरून येत नाही. एक्सएलचा व्हीलबेस (दोन चाकांमधलं अंतर) लांब, त्यामुळे पॅडवर असताना गाडी शांत राहते, पुढच्या चाकावर जास्त भार पडत नाही. त्या एलवाल्या भावाची माझ्याइतकी स्थिर नाही, पॅड बरेच पुढे असल्याने वजन पुढच्या चाकावर जातं, पुलाच्या जॉईंटवर त्याला हात बेसबारवर आणावे लागतात. माझे पण येतात, पण घाबरून नाही. टायर २८ मिमीचे, आणि प्रेशर लोक सांगतात त्यापेक्षा कमीच ठेवतो.

एक्स्टेन्शन मात्र बदलावी लागली. सोबत आलेली आखूड होती, माझा पुढचा हात लांब, शिफ्टर (गिअर बदलायची बटणं) मुठीच्या आत यायला लागले. लांब घेतली, थोडी वर उचललेली. रेसवाल्यांसाठी माहिती, यूसीआयने (सायकलिंगची जागतिक संघटना) २०२३ पासून हे उंचीप्रमाणे केलंय, १९० आणि वर असलात तर बीबीपासून एक्स्टेन्शनच्या टोकापर्यंत आडव्या रेषेत ८५ सेमी चालतं, १८० च्या खाली ८०. "उंच माणूस हवा जास्त अडवतो, टीटी तुझ्यासाठी नाही" असं ऐकवणारे भेटतात, त्यांना सांगा इटलीचा सायकलपटू गान्ना १९३ सेमीचा आहे आणि २०२२ मध्ये त्याने तासात ५६.७९२ किमी मारले.

सॅडल नाकापासून दुभागलेली घेतली, पुढच्या टोकावरच बसायचं असल्याने नेहमीची सॅडल अर्ध्या तासात सगळं बधिर करते. गोव्याच्या ७०.३ ला (पोहणं, सायकल आणि धावणं अशी हाफ आयर्नमॅन स्पर्धा) सायकल ९० किमी असते, तेवढा वेळ ते सहन करायचं म्हणजे पुढे धावायचं विसराच.

त्रासाचं पण लिहितो. एक, बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये ही गाडी मागच्या चाकावर उभी करूनच मावते, आणि उभी केली की शेजारच्या काकू जिन्याने जातात. दोन, केबल आणि ब्रेकचे होज सगळे आतून आहेत, त्यामुळे एक स्पेसर वाढवायचा म्हणजे कधीकधी होज पुरत नाही, नवीन होज, ब्लीडिंग (ब्रेकच्या तेलातली हवा काढणं), अख्खा दिवस. पहिल्या सेटअपलाच होज थोडे सैल ठेवायला सांगा. तीन, घाम. पावसाळ्यात घरात ट्रेनरवर, पंखा फुल, तरी पॅडच्या खाली डबकं. पॅडचे बोल्ट गंजायला लागले, हेडसेटचं (हँडल जिथे फिरतं तिथलं) वरचं बेअरिंग करकरायला लागलं. आता रोज साध्या पाण्याचं फडकं मारतो, बोल्टना ग्रीस, आणि बेसबारवर टॉवेल. खाऱ्या हवेत राहणाऱ्यांनी हे पहिल्या दिवसापासून करावं. सीटपोस्ट एवढी बाहेर असते की थोडी खाली सरकायची, कार्बन पेस्ट लावल्यावर थांबली. आणि हो, वजन. उंच माणूस म्हणजे वजन पण असतं, बार आणि चाकं दोन्हीवर रायडरच्या वजनाची लिमिट लिहिलेली असते, ती वाचा, मी ८८ किलो आहे आणि मला आवडलेली चाकं त्यामुळेच सोडावी लागली.

सेकंडहँड बघणाऱ्यांसाठी. आपल्याकडे एक्सएल टीटी फार कमी दिसते, सगळा बाजार मीडियमचा, पण निघते तेव्हा घेणारा पटकन मिळत नाही म्हणून भाव बऱ्यापैकी तुटतो. विकणाऱ्याला फोटोपेक्षा आधी हे विचारा: पॅडचे सगळे स्पेसर आणि लांब बोल्ट सोबत आहेत का, होज किती लांब आहेत, आणि सीटपोस्ट कापलेली आहे का. एअरो सीटपोस्ट बरेच जण फ्रेममध्ये नीट बसावी म्हणून खालून कापतात, आधीचा मालक तुमच्यापेक्षा चार इंच बुटका असेल तर उरलेली पोस्ट तुम्हाला मिनिमम इन्सर्टच्या रेघेपर्यंतसुद्धा (पोस्ट फ्रेममध्ये निदान इतकी आत हवीच, अशी खूण) पुरणार नाही, आणि त्या मॉडेलची पोस्ट वेगळी मिळते का हे व्यवहार ठरायच्या आधी बघा.