कॉट्सवोल्ड्स की लेक डिस्ट्रिक्ट? इंग्लंडची जुनी दगडी घरं पाहायची तर

हाताशी दोन-तीनच दिवस असतील तर दोन्ही भाग एका फेरीत कोंबू नका. एकच निवडा.

कॉट्सवोल्ड्सचा दगड मधाच्या रंगाचा चुनखडक. खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, हवा लागली की कडक होतो. म्हणून तिथल्या गवंड्याचा हात सैल सुटलाय. विणकराच्या साध्या घरालाही खिडकीत घडीव दगडी दांडे आणि वर पावसाचं पाणी बाजूला टाकणारी दगडी पट्टी. छपरावरही दगडाच्याच चिपा! वळचणीला सगळ्यांत मोठ्या, आढ्याकडे लहान होत जाणाऱ्या, ओकच्या खुंट्यांवर अडकवलेल्या. बिबरी गावातली आर्लिंग्टन रो ही घरांची ओळ मूळची १३८० च्या सुमारास लोकर ठेवायला बांधलेली. १७ व्या शतकात तिथे विणकरांची घरं झाली. ती पाहायची मात्र बाहेरूनच, कारण तिथे लोक राहतात.

लेक डिस्ट्रिक्टचा दगड हट्टी. आपल्या शाळेच्या पाटीच्या जातीचा: फुटतो, पण कोरीव कामाला दाद देत नाही. त्यामुळे भिंती ओबडधोबड आणि जाड, खिडक्या लहान. चौकोनी धुराड्याला लागणारे नीट कोपरे या दगडातून काढणं जिकिरीचं, म्हणून कित्येक धुराडी चक्क गोल. काही भिंतींत दगड बाहेरच्या बाजूला किंचित कलते बसवलेले दिसतील. एवढ्याशा कलामुळे पाणी आत न मुरता बाहेर ओघळतं. हे पाहिलं की तिथला पाऊस समजतो.

दोन्हीकडे जुन्या भिंतींत बहुधा चुना, आपल्या वाड्यांसारखा. त्यातून ओल बाहेर पडते, सिमेंट ती कोंडून ठेवतं. कुठे नंतर सिमेंट भरलेलं असेल तर शेजारच्या दगडाचे पापुद्रे सुटलेत का, ते जरूर बघा. मला ते बघवत नाही.

लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनवरून गाडी धरली तर कॉट्सवोल्ड्समधलं मोरटन-इन-मार्श दीड तासावर. लेक डिस्ट्रिक्टमधल्या विंडरमिअरला त्याच्या साधारण दुप्पट वेळ लागतो. तरी माझं मत लेक डिस्ट्रिक्टला, आणि ते ट्राउटबेक गावातल्या टाउनएंडमुळे. १६२६ सालचं हे शेतकऱ्याचं घर आतून पाहता येतं. स्वयंपाकाचा भाग वेगळा, चुलीभोवती बसण्याचा वेगळा, आणि ओकचं कोरीव सामान अजून जागच्या जागी. बाहेर दगडाने जे करू दिलं नाही, ते आत लाकडावर केलंय. फक्त हिवाळ्यात ते बंद असतं. हिवाळ्यातच जाणार असाल तर बिबरीच गाठा.