इलस्ट्रेटरला गेम डिझायनर व्हायचंय: पटावरून सुरुवात करावी की पडद्यावरून?

मुलांची पुस्तकं, मुखपृष्ठं, दिवाळी अंकातली रेखाटनं यांत काही वर्षं गेली, की बऱ्याच चित्रकारांना वाटू लागतं: आपण उभं केलेलं जग लोकांनी नुसतं पाहू नये, त्यात खेळावं. मग बोर्डगेम की व्हिडिओगेम, हा प्रश्न येतो. स्टुडिओतली कन्सेप्ट आर्टिस्टची, म्हणजे खेळातली पात्रं आणि जागा आधी चित्रात मांडून देणाऱ्याची, नोकरी ही तिसरी वाट. पण तिथे नियम दुसराच कुणी ठरवतो, तुम्ही चित्रंच काढत राहता. जीव चित्रातच रमत असेल तर नोकरी धरा, पुढचं वाचू नका.

पटाच्या बाजूने सर्वांत बोलकं उदाहरण अमेरिकेतल्या रायन लाउकाट यांचं. आधी ते दुसऱ्यांच्या खेळांची चित्रं काढत. ‘डोमिनियन’ या पत्त्यांच्या खेळातल्या काही पत्त्यांवरची चित्रंही त्यांचीच. मग त्यांनी ‘रेड रेव्हन गेम्स’ ही कंपनी काढली आणि नियम व चित्रं दोन्ही स्वतःच करू लागले. 2015 च्या ‘अबव्ह अँड बिलो’मध्ये खेळाडू वर गाव वसवतो आणि खाली गुहेत माणसं पाठवतो, गुहेत काय घडलं ते सोबतच्या पुस्तकातून वाचायचं, निर्णय घ्यायचा, फासे टाकायचे. गोष्टीच्या पुस्तकांत हात बसलेल्या माणसालाच सुचेल असा खेळ!

पडद्याच्या बाजूने सगळे ‘गोरोगोआ’चं नाव घेतात. चार चौकटी, त्यांत हाताने काढलेली चित्रं. एक चौकट दुसरीवर ठेवली की चित्राचं दार उघडतं आणि गोष्ट पुढे सरकते. जेसन रॉबर्ट्स यांचा हा खेळ डिसेंबर 2017 मध्ये आला, पण त्याचा डेमो 2012 मध्येच लोकांनी खेळला होता. मधली वर्षं मोजा. शिवाय रॉबर्ट्स पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर होते, हे कौतुकाच्या भरात सांगायचं राहून जातं. ज्याला कोड येत नाही त्याने एक तर गोडोसारखं फुकट इंजिन (खेळ बनवायचं सॉफ्टवेअर) चिकाटीने शिकावं, नाहीतर भरवशाचा प्रोग्रामर शोधावा. दुसरं जास्त अवघड.

माझा कल पटाकडे आहे, आणि कारण खर्चाचं नाही. कागदावरचा खेळ एका संध्याकाळी बदलता येतो. कोऱ्या कार्डांवर पेनने आकडे लिहा, चार जणांना बसवा, आपण गप्प राहून बघा. कुठे कंटाळा आला, कोणता नियम कुणालाच कळला नाही, ते लगेच दिसतं. इथे इलस्ट्रेटरची खरी कसोटी लागते, कारण चित्र काढल्याशिवाय त्याला राहवत नाही. सुंदर रंगवलेला पत्ता खेळात नको असला तरी टाकवत नाही, आणि मग त्या पत्त्यासाठी नियम वाकवले जातात. पडद्यावर तर त्या पात्राचं ॲनिमेशनही झालेलं असतं. तिथे फेकणं आणखी जड जातं.

पुस्तकातलं चित्र सावकाश बघायचं असतं. खेळातलं चित्र आधी वाचावं लागतं. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा हातात घेऊन बघा. 10 रंग, प्रत्येकाचे 12, असे 120 गोल पत्ते. मासा, कासव अशा खुणांवरून अवतार ओळखायचा. त्यातही निम्म्या रंगांत दश्शी मोठी आणि निम्म्यांत एक्का, म्हणजे रंग ओळखण्यात चूक झाली की डाव गेलाच. (आज ती बहुतेक दिवाणखान्यात मांडायला घेतली जाते. खेळून बघणारे थोडे.)

छपाईचं ज्ञान मात्र पटावर जसंच्या तसं चालतं. 3 मिमी ब्लीड (कापताना जाणारी जादा कड), सीएमवायके म्हणजे छपाईचे चार रंग, हे तुम्हाला शिकवावं लागणार नाही. पडद्यासाठी थर वेगळे ठेवणं, हालचालींच्या फ्रेम, छोट्या मोबाइलवर बटण दिसतं की नाही, हे सगळं नव्याने शिकायचं.

पैशांच्या बाबतीत दोन्हीकडे भाबडेपणा नको. दुसऱ्याच्या बोर्डगेमची चित्रं काढली तर बहुधा ठोक रक्कम मिळते. रॉयल्टी डिझायनरला, तीही साधारण प्रकाशकाच्या घाऊक विक्रीच्या 5 ते 8 टक्क्यांच्या आसपास. स्वतः छापायचं तर पेट्या ठेवायला जागा लागते आणि कुरिअरचा खर्च नफा खातो. डिजिटल खेळाला गोदाम लागत नाही, पण वेळ लागतो. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स’ या स्टुडिओने ‘राजी’ या व्हिडिओगेमसाठी 2017 मध्ये किकस्टार्टरवर, म्हणजे लोकवर्गणीच्या वेबसाइटवर, पैसे मागितले, ते उद्दिष्ट पुरं झालं नाही, खेळ आला 2020 मध्ये. आणि तो एकट्या माणसाचा नव्हे, आख्ख्या टीमचा.

म्हणून कोड येत नसेल, घरात चार खेळणारी माणसं असतील आणि छापलेली वस्तू हातात घ्यायला आवडत असेल, तर पट निवडा. चित्र हलल्याशिवाय कल्पनाच पुरी होत नसेल, तर पडदा. पण पहिला खेळ दहा मिनिटांत संपणारा असू द्या. चेक डिझायनर याकुब द्वोर्स्की यांचा ‘सामोरोस्त’ हा विद्यार्थिदशेतला छोटासा फ्लॅश गेम होता. त्यांचा मोठा खेळ ‘मशिनारियम’ सहा वर्षांनी, 2009 मध्ये आला.

बोर्डगेमच्या प्रकाशकाला खेळ दाखवणार असाल तर चित्रं पुरी करून नेऊ नका. बरेच प्रकाशक नियम विकत घेतात आणि चित्रकार स्वतः निवडतात, तुम्ही कितीही चांगले असलात तरी. चित्रं आपलीच हवीत अशी अट असेल तर ती पहिल्याच भेटीत सांगा. आणि जुन्या पुस्तकातलं पात्र खेळात आणायचं असेल, तर त्या पुस्तकाचा करार आधी काढून वाचा; हक्क तुमच्याकडे नसतील तर नवं पात्र काढणं स्वस्त पडतं.