सेल्टा: सहा तासांच्या शिकवण्यासाठी चार आठवडे

केम्ब्रिजच्या सेल्टा या इंग्रजी-शिक्षक प्रमाणपत्राची चौकशी करणारे बहुतेक जण विचारतात, एवढे पैसे घालून बी.एड.पेक्षा वेगळं काय मिळतं? वेगळे मिळतात ते सहा तास. खरेखुरे प्रौढ विद्यार्थी समोर, मागे ट्यूटर मिनिटामिनिटाची नोंद घेत बसलेला, आणि तास संपल्यावर त्या नोंदींवर उघड चर्चा. हे सहा तास साधारण ४०-४५ मिनिटांच्या आठ-नऊ तासिकांत आणि दोन वेगवेगळ्या पातळ्यांच्या वर्गांत विभागलेले असतात. कोर्सचं बाकीचं सगळं, म्हणजे किमान १२० तासांच्या प्रशिक्षणातली उरलेली सत्रं, चार लेखी असाइनमेंट्स आणि अनुभवी शिक्षकांच्या वर्गांचं सहा तास निरीक्षण, याच शिकवण्याला टेकू देण्यासाठी आहे. म्हणून केंद्र निवडताना इमारत आणि जाहिरात बघू नका, सरावाच्या वर्गात विद्यार्थी कोण आणि किती येतात ते विचारा. हे विद्यार्थी बहुधा फुकट शिकायला आलेले असतात. पटावर वीस आणि वर्गात तीन अशी गत असेल तर जोड्या-गटांचं काम जमत नाही, आणि तुमचं मूल्यमापन तर त्याच वर्गावर होणार असतं.

प्रवेश नुसते पैसे भरून मिळत नाही. आधी लेखी टास्क, मग मुलाखत. ‘आय लिव्ड हिअर फॉर टू इयर्स’ आणि ‘आय हॅव लिव्ड हिअर फॉर टू इयर्स’ यांतला फरक विद्यार्थ्याला कसा समजावाल, अशा धाटणीचे प्रश्न येतात. नुसतं ‘दुसरं प्रेझेंट परफेक्ट’ म्हणून भागत नाही. बोलणारा अजून तिथेच राहतोय का, हे सांगता यायला हवं. स्वतःचं इंग्रजी युरोपीय मोजपट्टीवर सी-१ (सहा पायऱ्यांपैकी वरून दुसरी) किंवा त्यावरचं लागतं. आपल्याकडच्या एम.ए. झालेल्यांची इथे गडबड होते, कारण साहित्याचा अभ्यास पक्का असला तरी रोजच्या व्याकरणाकडे परत बघितलेलं नसतं. अर्ज करण्याआधी महिनाभर काळ, मोडल क्रियापदं (कॅन, मस्ट, शुड यांसारखी) आणि उच्चारचिन्हं घोटून घ्या. कोर्स सुरू झाल्यावर त्याला वेळ मिळत नाही.

सुरुवातीच्या तासिका घसरण्याची कारणं जवळजवळ सगळ्यांची सारखीच. पहिलं कारण म्हणजे शिक्षकच फार बोलतो. व्याख्यानाच्या सवयीतून आलेला माणूस ४५ मिनिटांपैकी २५ मिनिटं समजावण्यात घालवतो, आणि ज्या मोकळ्या सरावासाठी तासिका आखली होती तोच शेवटच्या तीन मिनिटांत उरकतो. दुसरं, ‘समजलं का?’ हा प्रश्न. त्याला वर्ग नेहमी ‘हो’च म्हणतो. सेल्टात त्याऐवजी अर्थ तपासणारे छोटे प्रश्न आधीच लिहून न्यायचे असतात. ‘शी यूज्ड टू लिव्ह इन सातारा’ हे वाक्य घ्या. आता ती साताऱ्यात राहते का? नाही. पूर्वी राहत होती का? हो. एखाद-दोन दिवस की बराच काळ? बराच काळ. तीन प्रश्नांत रचनेचा अर्थ उघडा होतो आणि व्याकरणाची एकही संज्ञा लागत नाही. त्यानंतर रूप: नकारात आणि प्रश्नात ‘डिड’ आला की ‘यूज’चा शेवटचा ‘डी’ जातो. मग उच्चार: बोलताना तो ‘डी’ ऐकूच येत नाही, ‘यूस्टु’ असं सलग येतं. अर्थ, रूप, उच्चार हा क्रम, आणि विद्यार्थी कुठे चुकेल याचा अंदाज, हे सगळं लेसन प्लॅनच्या भाषाविश्लेषणाच्या पानावर तासिकेआधी द्यावं लागतं. हे पान कच्चं असेल तर तासिकाही बहुधा कच्चीच जाते.

फीडबॅक गटात होतो. एका गटात जास्तीत जास्त सहा प्रशिक्षणार्थी असतात आणि तुमच्या तासिकेवर आधी सहकारीच बोलतात. पंधरा-वीस वर्षं शिकवलेल्या माणसाला हे सुरुवातीला जड जातं, पण कोर्समधली सगळ्यात मोलाची शिकवण इथेच आहे. दुसऱ्याच्या वर्गात दिसलेली चूक पुढच्या आठवड्यात आपल्या प्लॅनमध्ये लगेच डोळ्यांत भरते.

असाइनमेंट्स प्रत्येकी ७५० ते १००० शब्दांच्या. नापास झालेली एकदा सुधारून देता येते आणि उत्तीर्ण व्हायला चारपैकी तीन पार कराव्याच लागतात. एका विद्यार्थ्याचा अभ्यास करायची असाइनमेंट सर्वात उपयोगी आहे. त्याचं बोलणं रेकॉर्ड करायचं, चुका वेगळ्या काढायच्या, कारण शोधायचं, त्यावर नेमका सराव सुचवायचा. विद्यार्थी मराठी भाषक असेल तर आपल्याला आयता फायदा. ‘दोन वर्षांपासून’च्या वळणाने येणारं ‘सिन्स टू इयर्स’, व्ही आणि डब्ल्यू दोन्हींसाठी एकच ‘व’, ऱ्हस्व-दीर्घ इकाराचा फरक बोलण्यात फारसा पाळला जात नसल्याने एकसारखे होणारे ‘शिप’ आणि ‘शीप’, गळालेलं ‘द’. कारणं आपल्याला आतून ठाऊक असतात.

पूर्णवेळ कोर्स चार ते पाच आठवड्यांचा आहे. या काळात नोकरी सांभाळायचा विचार सोडून द्या. दिवसा सत्रं आणि तासिका, रात्री उद्याचा प्लॅन असं चालतं. नोकरी सोडता येत नसेल तर काही महिने चालणारा अर्धवेळ किंवा ऑनलाइन कोर्स घ्या, प्रमाणपत्र तेच असतं. मात्र ऑनलाइन कोर्समध्ये सरावाचं शिकवणंही स्क्रीनवर होतं. पुढे खडू-फळ्याच्या वर्गातच उभं राहायचं असेल तर प्रत्यक्ष केंद्र गाठणं बरं. फी प्रत्येक केंद्र स्वतः ठरवतं. केम्ब्रिजची नोंदणी-फी त्यात धरलेली आहे का आणि कोर्स मध्येच सोडला तर परतावा किती, हे लेखी घ्या.

आता उणिवा. १९६२ साली लंडनच्या इंटरनॅशनल हाउसमध्ये जॉन आणि ब्रिटा हेक्राफ्ट यांनी दोन आठवड्यांचे वर्ग सुरू केले, त्यातून ही परंपरा आली. साचा अजूनही तोच आहे: लहान वर्ग, प्रौढ विद्यार्थी, सगळं इंग्रजीतून. साठ मुलांचा मराठी माध्यमाचा वर्ग, जिथे शिक्षक दिवसभर दोन भाषांत ये-जा करतो, तो इथे जवळपास नाहीच. मुलांना शिकवण्याबद्दलही फार थोडं मिळतं. शाळेतल्या नोकरीसाठी सेल्टा बी.एड.ची किंवा टी.ई.टी.ची जागा घेत नाही. खासगी भाषासंस्था, कंपन्यांमधलं प्रशिक्षण आणि परदेशातल्या भाषाशाळा हे त्याचं खरं क्षेत्र. तिथेही काही देश शिक्षकाच्या व्हिसासाठी पासपोर्ट कोणत्या देशाचा आहे ते बघतात, म्हणून देश आधी ठरवा आणि नियम वाचूनच पैसे भरा.

ध्वनिशास्त्र आणि भाषाशिक्षणाचा सिद्धान्त सवकाश शिकायचा असेल तर हैदराबादचं इंग्रजी आणि परदेशी भाषा विद्यापीठ बघा. १९५८ साली केंद्रीय इंग्रजी संस्था म्हणून ते सुरू झालं. त्यांचे इंग्रजी-अध्यापनाचे पदव्युत्तर अभ्यासक्रम वाचनाच्या अंगाने सेल्टापेक्षा कितीतरी खोल आहेत.

जर्मन शिकवणाऱ्यांना सेल्टाचा उपयोग नाही, तो फक्त इंग्रजीसाठी आहे. त्यांच्यासाठी ग्योथे इन्स्टिट्यूट या जर्मन संस्थेचा डी.एल.एल. (डॉइच लेरेन लेर्नेन, म्हणजे ‘जर्मन शिकवायला शिकणे’) हा शिक्षक-प्रशिक्षणाचा कोर्स आहे, पुण्या-मुंबईत मॅक्समुल्लर भवनात चौकशी करता येते. त्यात वर्गातला एखादा नेमका प्रश्न घेऊन छोटा प्रकल्प करायचा असतो: मुलं जोडीत बोलताना जर्मन सोडून मराठीत कधी जातात, सूचना बदलली तर फरक पडतो का, याची आपल्याच वर्गातून नोंद करून ती मांडायची. त्यामुळे आधी हाताशी स्वतःचा वर्ग असला पाहिजे. अजून शिकवायला सुरुवातच केली नसेल तर त्या प्रकल्पासाठी वर्ग कुठून आणायचा, हे नोंदणीपूर्वी विचारून घ्या.